मुलगी एका जुन्या रेसिंग कारवर अडून बसली आहे. लहानपणी बघितलेल्या गाडीनं कुणाचं खरंच पोटापाण्याचं ठरलंय का?

हिंडलगा_रोड

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

गेल्या महिन्यात आम्ही चोर्ल्यावरून गोव्याला निघालो होतो. जांबोटीत चहाला थांबलो तर समोर एका पिकअपला ट्रेलर लावलेला आणि त्यावर ताडपत्रीखाली गाडी. दोरी सैल झाली म्हणून ड्रायव्हर ती आवळत होता. मालकही सोबत होते, पुण्याचे, सत्तरीच्या आसपासचे. माझी मुलगी नववीत आहे. ती हातातला चहा तसाच ठेवून तिकडे गेली. तिचं बघून त्या गृहस्थांनाही हुरूप आला आणि त्यांनी अर्धी ताडपत्री बाजूला केली. विंटेज एमजी, दोघांपुरती. शर्यतीसाठी मडगार्ड काढून टाकलेले, दार कंबरेपर्यंत कापलेलं, बॉनेटवर आडवा चामड्याचा पट्टा. आम्ही तिथं फार तर वीस मिनिटं होतो. तेवढ्यात घरात नवा विषय शिरला तो शिरलाच.

आता ती म्हणते, मला गाड्यांचं काम शिकायचंय. चालवायचं नव्हे, काम. वह्यांच्या मागच्या पानांवर चित्रं काढणं चालू आहे. हिला, म्हणजे माझ्या बायकोला, वाटतं पोरीनं सायन्स घेऊन ‘नीट’, म्हणजे मेडिकलची प्रवेशपरीक्षा, द्यावी. आमचे थोरले बंधू हसतात, म्हणतात खासबागेत गॅरेज काढून दे तिला, पंक्चर काढील. मी स्वतः पतसंस्थेत कारकून. मशीन म्हटलं की मला प्रिंटरचीच भीती वाटते.

म्हणून विचारतो. आपल्याकडच्या, म्हणजे बेळगाव, खानापूर, निपाणी, संकेश्वर या भागातल्या कुणाचं असं झालंय का, की लहानपणी एखादी गाडी बघितली आणि पुढे कामच त्या वाटेनं गेलं? की आपण मोठेपणी अशा गोष्टी मागाहून रचतो? ‘स्वप्नांचा पाठलाग करू द्या’ छापाची उत्तरं कृपया नकोत, ती व्हॉट्सअॅपवर रोज येतात.

शहापूरची_मावशी

भाऊ, स्वप्नाचं राहू दे. उद्यमबागेत, त्या कारखान्यांच्या वसाहतीत, एकदा चक्कर मारून ये आणि किती शॉपमध्ये बायकांसाठी संडास आहे ते मोजून ये. माझी भाची डिप्लोमा करून एका ठिकाणी लागली होती, नाव घेत नाही. काम चांगलं, शिकवणारेही चांगले. पण दिवसभर पाणी प्यायची नाही बिचारी, कारण जायचं तर समोरच्या हॉटेलात. आठ महिन्यांनी सोडलं. मुलीला पाठवू नकोस असं म्हणत नाही. विचारायच्या गोष्टींत हे पहिलं विचार.

जुनं_ते_सोनं

एक दुरुस्ती. मडगार्ड काढलेली टी मालिकेतली एमजी असेल तर तिला विंटेज म्हणू नये. इंग्लंडमधल्या जुन्या क्लबांच्या हिशोबानं विंटेज म्हणजे १९१९ ते १९३० या काळातल्या गाड्या. एमजी टीसी तर १९४५ पासूनची. खरोखर जुनी गाडी मुलीला दाखवायची असेल तर दसऱ्याला कोल्हापूरला न्या, छत्रपतींची मेबॅक बाहेर निघते. निपाणीहून तासाभराचा रस्ता आहे.

पॅटर्नवाला_निपाणी

हिंडलगा रोडवाले साहेब, तुमचा शेवटचा प्रश्न मला पटला. मागाहून सांगताना सगळं ओळंब्यात बसतं. तेव्हा माझं काय झालं ते सांगतो, त्यात रचलेलं किती ते तुम्हीच बघा.

मी पॅटर्नमेकर. चाळीस वर्षं होत आली. आधी कोल्हापूर, मग बेळगाव. लोखंड नाहीतर अॅल्युमिनियम ओतायचं तर आधी वाळूत वस्तूचा ठसा उठवावा लागतो, आणि ठसा उठवायला लाकडात तशीच वस्तू करावी लागते. ती म्हणजे पॅटर्न. तशीच म्हटलं, पण अगदी तशीच केली की काम वाया जातं. ते पुढे येईल.

साल १९७८, थंडीचे दिवस. निपाणीच्या माणसाला सांगायचं तर तंबाखूच्या आंदोलनाआधी तीनेक वर्षं. मी दहा वर्षांचा. हायवेला लागून बाबांचं पाट्यांचं दुकान होतं. ट्रकचे मोडलेले पाटे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या, बदलायचे, वेल्डिंग, असलं सगळं. तेव्हाचा एनएच ४, आता त्याचा ४८ झालाय. मुंबईहून मद्रासला जाणारं सगळं आमच्या दारावरून जायचं, आणि तवंदी घाटात ज्याचं मोडायचं ते परत आमच्याच दारात यायचं. घाट होता म्हणून आमची चूल पेटायची, असं आज्जी म्हणायची.

संध्याकाळी टाटाचा एक ट्रक घाट चढता चढता मागचा मेन पाटा मोडून, एका अंगावर कलंडलेला, हळूहळू उतरत आला. बाबा म्हणाले, आधी माल उतरवा. सोबत मुंबईचे एक पारशी गृहस्थ होते. खाकी अर्धी चड्डी आणि डोक्याला लोकरी कानटोपी, आम्ही पोरं त्यावरच हसत होतो. ते म्हणाले, माल उतरायचा नाही, माल म्हणजे गाडी आहे. बाबा म्हणाले, “मग ट्रक हितंच ऱ्हाईल, आणि तुमीबी ऱ्हावा, जेवाण करून जावा.” शेवटी फळ्या लावल्या. गाडी म्हणजे वजन असणार म्हणून आठ माणसं बोलावली होती. चौघांनीच अलगद खाली घेतली. उरलेले चौघे बिडी पेटवून बघत बसले आणि पैसे मात्र आठांनी घेतले.

गाडी कसली, चाकांवर ठेवलेली भुईमुगाची शेंग. एकाच माणसापुरती. पुढं दिवे नाहीत. गल्लीतल्या पोरांचा पहिला प्रश्न, “हॉर्न कुठाय?” हॉर्नही नाही. इंजिन ड्रायव्हरच्या पाठीमागं, एकाच सिलिंडरचं, आणि तिथून मागच्या एक्सलला साखळी, सायकलसारखी. शेजारच्या बुलेटवाल्या काकांनी सगळं वाकून बघितलं आणि जाहीर केलं, “बुलेटच हाय, चार चाकं लावल्यात.” ते फार चुकले नव्हते, हे मला वीस-पंचवीस वर्षांनी कळलं.

पण त्याही आधी वास. एरंडेल! आज्जी महिन्याच्या एका रविवारी नाक दाबून पाजायची तेच. मी दोन पावलं मागे सरलो. कानटोपीवाले हसले आणि म्हणाले, हे आमच्या इंजिनाचं तेल. आमचा कुणाचा विश्वास बसेना. पुढे कळलं की ते खरं होतं. शर्यतीची अशी इंजिनं मिथेनॉलवर चालायची. साधं ऑईल मिथेनॉलशी जुळत नाही, एरंडेल जुळतं, आणि तापल्या लोखंडाला घट्ट धरून राहतं. दोष एवढाच की तसंच ठेवलं तर आत गोंद होतो, म्हणून शर्यत झाली की काढून टाकायचं. कॅस्ट्रॉल हे नावसुद्धा एरंडेलाच्या इंग्रजी नावावरूनच आलंय.

पोरांना एकेक करून आत बसवलं. मीही बसलो. पाय पेडलला पोचेनात, समोर काही दिसेना. खरं सांगू? बसून मला काहीच वाटलं नाही. दुसरी पोरं तोंडानं आवाज काढत होती, मी उतरलो.

माझ्या डोक्यात राहिलं ते चाक.

ट्रक कलंडल्यामुळं पुढचं एक चाक फळीच्या कडेला घासलं होतं. चीर गेली असेल का, ही त्या गृहस्थांना काळजी. बाबांनी चाक उतरवलं, हातोडीच्या दांड्यानं हळूच ठोकून कान लावला. मग माझं दप्तर मागितलं. मला वाटलं आता अभ्यास विचारतात की काय. त्यांनी खडू काढला. चाकाला रॉकेल चोळलं, थोडा वेळ ठेवलं, फडक्यानं कोरडं पुसलं आणि मला म्हणाले, “खडू चुरगाळ बारीक, आणि भुरभुरव.” चीर असेल तर तिच्यात शिरलेलं रॉकेल बाहेर येतं आणि पांढऱ्या पुडीवर ओली रेघ उठते. मी कंदील धरून बसलो. रेघ येते का बघायची. अर्धा तास मी डोळ्याची पापणी न हलवता ते चाक बघितलं. एखादी वस्तू इतका वेळ मी त्याआधी कधी बघितली नव्हती. आरे कुठं जाड, कुठं बारीक, मधल्या भागाशी ते गोल होऊन कसे मिळालेत, कुठंही कोपरा नाही. ब्रेकचा ड्रमही त्याच ओतिवातला, वेगळा जोडलेला नव्हता.

रेघ उठली नाही. बाबांनी चाक उचलून माझ्याकडं दिलं, “धर.” मी दोन्ही हात ताठ करून वाट बघत होतो, आणि वजनच आलं नाही. ट्रकचं चाक काय असतं ते मला माहीत होतं. बाबांनी ते परत घेतलं, दिव्यासमोर फिरवलं आणि स्वतःशीच म्हणाले, “घडवलेलं न्हाई हे. ओतलंय. कोण रं केला असंल ह्याचा पॅटर्न.”

मी विचारलं, पॅटर्न म्हंजे?

दुकानामागं बांधकामाची वाळू पडली होती. त्यांनी ती ओली केली, तगारीत दाबून भरली. खिशातली चुन्याची डबी काढली, सरळ काठाची. वाळूत दाबली आणि वर ओढली, तर काठाची वाळू सगळी ढासळली. मग आईची आमटीची वाटी आणायला लावली. तीही दाबली, ओढली. वाटी लख्ख निघाली आणि वाळूत वाटीचा खड्डा, गुळगुळीत. “डबी का न्हाई निघाली?” मला सांगता येईना. त्यांनी माझं बोट धरून वाटीच्या काठावरून फिरवलं, वर पसरट, खाली निमुळतं. आज पोरं कॉम्प्युटरवर ‘ड्राफ्ट’ म्हणून एक-दोन अंश टाकतात तो हाच. मला तो आईच्या वाटीत कळला.

ट्रक सकाळी गेला. शोलावरमला, मद्रासजवळ. युद्धाच्या काळातली जुनी विमानाची धावपट्टी होती तिथं, तिच्यावर शर्यती व्हायच्या. ही गोष्ट सांगितली की ऐकणाऱ्याला वाटतं, जाताना त्या गृहस्थांनी माझ्या हातात काहीतरी ठेवलं असणार. काही नाही. हात पण हलवला नाही, त्यांना उशीर झाला होता.

आणि आता तुमच्या प्रश्नाचा भाग. पुढची सात वर्षं मी त्या गाडीचा विचारही केला नाही. क्रिकेट, तंबाखूच्या वखारीत सुट्टीची मजुरी, आणि कन्नडचा पेपर. एसएसएलसीला, म्हणजे दहावीला, कन्नडात काठावर निघालो. आयटीआयला टर्नरची जागा हुकली. मामा कोल्हापूरला होते, त्यांनी उद्यमनगरात एका पॅटर्नशॉपमध्ये नेऊन सोडलं, रिकामा बसू नये म्हणून. म्हणजे मी त्या गाडीमुळं तिथं गेलो असं म्हणालो तर ते खोटं. मामांमुळं गेलो.

पहिल्या दिवशी मेस्त्रींनी लाकडाचे दोन ठोकळे समोर ठेवले. ते शिव्या कन्नडात द्यायचे आणि माप मराठीत सांगायचे. म्हणाले, यातला वाळूतनं कुठला निघंल? मी एकावर बोट ठेवलं. कसं ओळखलंस विचारलं तर मी म्हणालो, वाटी. बाकीची पोरं फिदीफिदी हसली. मेस्त्री हसले नाहीत. त्यांनी मला झाडू मारण्यातून त्याच आठवड्यात काढलं. इतर पोरांना तीन-तीन महिने लागले होते.

एवढाच काय तो त्या गाडीचा हात माझ्या आयुष्याला लागला. पण तो नेमक्या जागी लागला.

मोठी चूकही सांगतो, म्हणजे सगळं गोड वाटायला नको. ओतलेला धातू थंड होताना आकसतो, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करायचा. त्यासाठी आमच्याकडं वेगळ्या पट्ट्या असतात, ज्यांच्यावरचा सेंटीमीटर मुळातच ताणून छापलेला. बिडाला, म्हणजे ओतीव लोखंडाला, मीटरमागं साधारण १० मिलिमीटर जादा, अॅल्युमिनियमला १३च्या आसपास. बेळगावला आल्यावर एका शॉपमध्ये मी अॅल्युमिनियमच्या पंपबॉडीचा पॅटर्न बिडाच्या पट्टीनं केला. पट्ट्या शेजारी शेजारी टांगलेल्या, घाईत हाताला आली ती घेतली. २४० मिलिमीटरच्या सेंटरला, म्हणजे दोन मध्यांमधल्या अंतराला, पाऊण मिलिमीटर कमी. ऐकायला काहीच नाही, पण बोअर मारल्यावर, म्हणजे आतलं भोक कातल्यावर, एका बाजूची भिंत जाड आणि दुसऱ्या बाजूची पातळ. चाळीस नग परत भट्टीत. मालकांनी तीन महिने पगारातून कापून घेतलं. तेव्हापासून माझ्या अॅल्युमिनियमच्या पट्टीला मागं लाल रंग फासलेला असतो.

गाडी कुठली होती ते फार नंतर सापडलं. कॉलेज रोडला एका सायबर कॅफेत पोराचा फॉर्म भरायला गेलो होतो, वेळ उरला तेव्हा सहज शोधत बसलो. चाकावरून ओळखली. कूपर ५००. इंग्लंडमध्ये सर्बिटन म्हणून गाव आहे, तिथं चार्ल्स आणि जॉन कूपर या बापलेकांनी १९४६ मध्ये पहिली केली. फियाटच्या टोपोलिनो या छोट्या गाडीची पुढची दोन अर्धुकं एकमेकांना पाठीला पाठ लावून जोडली आणि मागं मोटरसायकलचं ५०० सीसी जेएपी इंजिन बसवलं. इंजिन मागं का? तर साखळी जवळ पडावी म्हणून. मोठं शास्त्र नव्हतं त्यात, सोय होती. आणि त्याच रचनेनं वाढत वाढत जॅक ब्रॅबहॅम १९५९ आणि १९६० ला फॉर्म्युला वनचा जगज्जेता झाला, कूपरमध्येच. १९६० ला मोंझाची शर्यत फेरारीनं पुढच्या इंजिनावर जिंकली, जगज्जेतेपदाच्या शर्यतींत ती शेवटची. त्यानंतर सगळ्यांनी इंजिन ड्रायव्हरच्या मागं नेलं. बुलेटवाले काका तोवर गेले होते, नाहीतर त्यांना सांगितलं असतं.

चाकाचं वजन का आलं नाही तेही तेव्हाच उमगलं. बाबांना आणि मला ते अॅल्युमिनियम वाटलं होतं. शर्यतीच्या गाड्यांना मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची चाकं ओतायचे. अॅल्युमिनियमची घनता २.७, मॅग्नेशियमची १.७४. ते ओतणं म्हणजे जोखीम आहे. पेट घेतं, आणि वाळूतल्या ओलाव्याशी सुद्धा भांडतं, म्हणून वाळूत गंधक, बोरिक अॅसिड असलं मिसळावं लागतं. मी आजवर ओतलेलं नाही. इच्छा आहे. बायको नको म्हणते.

तर साहेब, माझं म्हणणं एवढंच. मुलीला “गाडी आवडली का” असं विचारू नका. त्या वीस मिनिटांत ती नेमकं काय बघत होती ते विचारा. माझ्याबरोबर त्या रात्री दहा-बारा पोरं होती, सगळ्यांनी तीच गाडी बघितली. एक आज एलआयसीत आहे, एकाची बारा एकर उसाची शेती आहे. ते सगळे गाडी बघत होते.

(मेबॅकवाल्यांना : बरं. विंटेज नव्हे, जुनी.)

रोलकेज_बावीस

काका, पट्टीला लाल रंग, हे मी उद्याच करतोय 😄

मी व्हीटीयू विद्यापीठाचा मेकॅनिकल इंजिनीअर, कॉलेजात बाहाच्या टीममध्ये होतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, बाहा एसएई इंडिया ही विद्यार्थ्यांची स्पर्धा, २००७ पासून चालू आहे. चिखलात, दगडधोंड्यांत चालणारी एकट्याची गाडी आपणच करायची. इंजिन सगळ्यांना सारखंच असायचं, ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं १० हॉर्सपॉवरचं, त्याला हात लावायचा नाही. म्हणजे जिंकायचं तर वजन कमी करा, वेल्डिंग नीट करा, दुसरा मार्ग नाही. पहिलं पूर्ण वर्ष मी फक्त पाईपची टोकं घासली, दुसऱ्या पाईपच्या गोलाईवर बसतील अशी. माशाच्या तोंडासारखा आकार येतो. इंदूरजवळ पीथमपूरला गेलो तेव्हा दुसऱ्याच दिवशी पुढचा आर्म, म्हणजे चाकाला गाडीशी जोडणारा दांडा, तुटला आणि आम्ही बाहेर. तो आर्म मीच वेल्ड केला होता. कुणी मला काही बोललं नाही, तेच जास्त लागलं.

सर, तुमच्या मुलीसाठी व्यवहाराचं सांगतो. नीटला नाही बसायचं म्हणजे इंजिनीअरिंगच, असं समजू नका. एसएसएलसीनंतर उद्यमबागेतल्या जीटीटीसी या सरकारी प्रशिक्षण केंद्रात टूल अँड डाय मेकिंगचा, म्हणजे हत्यारं आणि साचे बनवण्याचा, डिप्लोमा आहे, तीन वर्षं आणि वर्षभर कारखान्यात. तिथून निघालेली पोरं आमच्यासारख्या बीईवाल्यांना मायक्रोमीटर धरायला शिकवतात, अनुभवानं सांगतोय. पुढे डिग्री करायची तर लॅटरल एंट्री, म्हणजे थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश, आहेच. आणि बेळगावात आता विमानाचे भाग बनतात, हायड्रॉलिक्स तर आधीपासून आहे. गाड्यांचं काम शिकायला पुण्यालाच जायला पाहिजे असं नाही.

शहापूरची_मावशी

पॅटर्नवाले, छान लिहिलंत. पण वाळू, वाटी, डबी सगळं सांगितलंत, माझ्या प्रश्नाला मात्र बगल दिलीत. तुमच्या शॉपमध्ये बायका आहेत का? आणि असतील तर कुठं जातात?

पॅटर्नवाला_निपाणी

मावशी, बगल नाही, टायपिंग करून बोटं दुखली होती. दोघी आहेत, कॉम्प्युटरवर थ्रीडी ड्रॉइंगला. संडास आहे. दोन वर्षांपूर्वी नव्हता. त्यांतली एक मुलाखतीला आली, जागा बघितली आणि म्हणाली, काका, हे झालं की फोन करा. मला राग आला होता तेव्हा, खोटं कशाला बोलू. महिनाभर राग धरून बसलो, मग गवंडी बोलावला.

हिंडलगा_रोड

सगळ्यांचे आभार. काल रात्री जेवताना विचारलं. मी मुद्दाम गाडीचं नाव काढलं नाही. म्हटलं, जांबोटीला त्या दिवशी तू वाकून काय बघत होतीस?

ती उठली, गणिताची वही घेऊन आली आणि मागचं पान उघडलं. मला वाटत होतं गाड्यांची चित्रं आहेत. गाडी एकही नाही. सगळीकडे एकच गोष्ट, वेगवेगळ्या बाजूंनी काढलेली. दोन बोल्ट शेजारी शेजारी. प्रत्येकाच्या डोक्याला आरपार बारीक भोक. एका भोकातून निघालेली तार पीळ घालत दुसऱ्या बोल्टच्या भोकात. खाली तिनं दोन प्रश्न लिहिलेत, तसेच उतरवतो :

१. एवढ्या कडक बोल्टच्या डोक्याला तिरकं भोक पाडताना ड्रिल घसरत कसं नाही?

२. तार एका बोल्टच्या उजवीकडून निघून दुसऱ्याच्या डावीकडे का जाते? सगळीकडे तसंच होतं, म्हणजे चुकून नाही.

हिनंही वही बघितली. नीटचं काल काही बोलली नाही. आज बोलेल.

रोलकेज_बावीस

दुसरा प्रश्न नववीतल्या मुलीनं स्वतःहून काढलाय?? सर, आमच्या टीममध्ये हे सीनियरनं ओरडून शिकवावं लागायचं.

त्याला लॉकवायर म्हणतात. कंपनानं बोल्ट सुटू नये म्हणून. तार अशी घालतात की एक बोल्ट सैल व्हायला लागला तर तो तार ओढतो, आणि ती तार दुसऱ्याला आणखी घट्ट करायच्या दिशेनं ओढते. दोघे एकमेकांना धरून ठेवतात. उलट्या बाजूनं घातली तर तार असून नसल्यासारखी. विमानाच्या कामात अजून हेच चालतं. तिला सांगा, तिनं काढलेलं चित्र बरोबर आहे.

पॅटर्नवाला_निपाणी

पहिल्याचं उत्तर मी लिहून देणार नाही, हातानं करायची गोष्ट आहे. एवढं सांगतो की घसरतंच. बोल्टच्या कोपऱ्यावर ड्रिल टेकवलं की ते पळतं, नाहीतर मोडतं. त्यासाठी बोल्ट बसेल असा एक छोटा ठोकळा करतात आणि त्याला आधीच भोक असतं, ते ड्रिलला वाट दाखवतं. तो ठोकळा तिनंच करायचा. सहा-सात ड्रिलं मोडतील, मी जास्तीची आणून ठेवतो.

रविवारी शॉप बंद असतं, पण मी असतो. तुम्ही तिघंही या. तिला म्हणावं केस घट्ट बांध, ओढणी नको, हातात बांगडी नको, पायात बूट. आणि तिच्या आईला मावशींच्या प्रश्नाची जागा आधी दाखवतो. कडी आतून लागते.

हिंडलगा_रोड

किती वाजता येऊ?

पॅटर्नवाला_निपाणी

साडेदहा. आणि येताना कुंदा आणू नका, मला शुगर आहे. वही आणा.